चार पावलांवरचा नीरफणस

मी नीरफणस बोलतोय. जमैकात, डोंगराच्या कुशीतल्या एका वस्तीत, आयडलिनबाईच्या घराला खेटून उभा आहे. वय एकावन्न. आंब्याचिंचेला हे वय काहीच नाही, पण आमची जात मऊ लाकडाची. आम्हाला एवढं पुष्कळ झालं. गोड बोलणं मला जमत नाही, तेव्हा सरळ सांगतो. उद्या वादळ येतंय आणि मी पडणार आहे. कुणावर पडणार, तेही मला माहीत आहे.

आम्ही बीतून येत नाही. थोरल्या झाडाच्या मुळाला फुटवा येतो, तो तोडून लावतात. मला आयडलिनच्या नवऱ्याने, एझकिएलने, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं. त्याला पहिला मुलगा झाला होता, अलोंझो. इथं पोराची नाळ पुरतात आणि तिच्यावर झाड लावतात. ते झाड त्या पोराचं. पोर कुठंही जाऊ दे, झाड धड तर पोर धड, असं ही माणसं धरून चालतात.

खड्डा खणताना शेजारचा म्हातारा क्लीव्ह कुंपणावर रेलून बघत होता.

"एझकिएल, वीस पावलं तरी लांब घे रे. हा उद्या तुझ्या घराच्या तिप्पट होईल."

"पोराची नाळ काय तुमच्या दारात पुरू, क्लीव्हकाका?"

"मग घर उचलून लांब ने."

"तुम्ही आधी तुमची बकरी माझ्या रताळ्यांतून लांब न्या."

झालं. त्या बकरीवरून दोघं भांडत बसले आणि मी चार पावलांवर लागलो. एझकिएलची पावलं लहान होती, हेही सांगून ठेवतो.

पाचव्या वर्षी मला फळं धरली. निखाऱ्यावर काळीठिक्कर भाजायची, साल सोलायची आणि खाऱ्या माशाबरोबर गरम गरम खायची. अख्ख्या वस्तीने खाल्ली. मी कुणाला नाही म्हटलं नाही. तेव्हा कुणी वर बघत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष टोपलीत.

मग मुलगी झाली, मर्लीन. तिच्या नाळेवर आंबा लावला, माझ्यापासून पाच पावलांवर, समुद्राच्या बाजूला. पुढे त्या आंब्याच्या बगलेत कुणीतरी खाऊन टाकलेली अवोकाडोची कोय रुजली. आयडलिन म्हणाली, आपणहून आलंय, राहू दे. माणसांना रोप दिसतं, त्याचं होणारं झाड दिसत नाही. वीतभर पानं बघून त्यांना माया येते आणि ती पानं पुढे कुठं मावणार, हे कुणी विचारत नाही.

आम्ही तिघं एका ताटावर बसल्यासारखे वाढलो. पूर्वेचं ऊन आंब्याने घेतलं, उरलेलं अवोकाडोने. मला एकच बाजू मोकळी, घराची. म्हणून माझ्या सगळ्या जाड फांद्या पत्र्यावर गेल्या. लोक म्हणायचे, बघा, कशी सावली धरतोय घरावर. सावली कसली? मी उजेडासाठी मान वाकडी करत होतो.

त्यात एझकिएलने माझ्या बाजूला एक खोली वाढवली. चार पावलांची दीड पावलं झाली. मग पाण्याची टाकी हवी, म्हणून माझ्या आणि आंब्याच्या मधे खड्डा खणला. वाटेत माझी मांडीएवढी तीन मुळं आली. कुऱ्हाडीने तोडली. ओरडता येत नाही म्हणून दुखत नाही, असं माणसांना वाटतं. पण दुखण्याचं सोडा. ती मुळं समुद्राकडची होती. वारा समुद्राकडून येतो आणि तीच मुळं मला मागे खेचून धरायची.

त्यानंतर एक वादळ आलं. अर्ध्या वस्तीचे पत्रे उडाले, मी उभा राहिलो. आयडलिनने माझ्या बुंध्याला मिठी मारली आणि सगळ्यांना सांगत सुटली, माझ्या अलोंझोचं झाड आहे, त्याला काय होतंय. वारा त्या वेळी डोंगराकडून आला होता. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि सांगायला मला तोंड नाही.

एझकिएल वारला. अलोंझो इंग्लंडला गेला, तिकडे बस चालवू लागला. मर्लीन इथंच राहिली, शाळेत शिकवते. आयडलिन आता शहात्तरची आहे. त्या वाढवलेल्या खोलीत झोपते. पोराचा फोन आला नाही की मला येऊन रागावते, जणू मीच फोन उचलत नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बुडाशी भूछत्रं आली. ताटलीएवढी, तपकिरी, एकावर एक. आयडलिन ती खराट्याने पाडते. ती परत येतात. आत काय चाललंय ते मला कळतं. भुसा झालाय.

गेल्या आठवड्यात मर्लीनने लिनवलला आणलं. तो झाडं उतरवतो, करवत खांद्यावर टाकून गावोगाव फिरतो. त्याने कोयत्याच्या पाठीने माझ्यावर तीनदा ठोकलं आणि कान लावला.

"मावशी, हा ढोलासारखा वाजतोय."

"तुझ्या बापाचं डोकंही वाजायचं. तरी नव्वद वर्षं जगला."

"माझा बाप तुमच्या खोलीवर वाकून उभा नव्हता." लिनवल हसला नाही. "हा उभा नाही, मावशी, नुसता टेकलाय. झाड जेवढं उंच, तेवढ्या लांब खाट हवी. तुमची खाट कुठंय?"

"माझी खाट माझ्या घरात आहे."

"तेच म्हणतोय मी. आज सांगा, दोन दिवसांत उतरवतो, वरून तुकड्या-तुकड्याने. पत्र्याला ओरखडा येणार नाही."

आयडलिनने मर्लीनकडे बघितलं. मग हळू म्हणाली, "अलोंझोचं काळीज उघडणार आहेत. पुढच्या गुरुवारी. आणि तू आत्ता त्याच्या झाडाला करवत लावायला माणूस आणतेस?"

मर्लीनने तिथल्या तिथं फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"दादा, तूच सांग आईला."

"आई, कापून टाक गं," अलोंझोचा आवाज आला. दम लागलेला. "मी झाड नाही. इथं डॉक्टर आहेत."

"तू गप्प पड. डॉक्टरांनी तुझी नाळ पुरली होती का?"

"आई, ऐक तरी..."

"शुक्रवारी कापू. तू शुद्धीवर आलास, माझ्याशी बोललास की शुक्रवारी. तोवर कुणी हात लावायचा नाही."

लिनवल करवत उचलून निघाला. फाटकाशी थांबून म्हणाला, "वाऱ्याला वार कळत नाही, मावशी."

आज बुधवार आहे. सकाळपासून पक्षी गेलेत. माझ्या अंगावरच्या मुंग्या अंडी घेऊन आंब्यावर चालल्यात. मुंग्यांनाही कळलं. रेडिओ म्हणतो, उद्या दुपारी, वारा समुद्राकडून. वस्तीतली माणसं गाद्या-भांडी डोक्यावर घेऊन शाळेत चालली आहेत, तिची इमारत सिमेंटची आहे. मर्लीनने सकाळी लिनवलला परत बोलावलं. तो आला, वर बघितलं, मान हलवली. आता एवढ्या वाऱ्यात चढणारा माणूस खाली जिवंत येणार नाही, म्हणाला. बरोबर बोलला.

मग मर्लीनने आईची खाट ओढत पुढच्या खोलीत नेली. खिडक्यांवर ठोकायच्या फळ्या आणायला वळली, तेवढ्यात म्हातारीने ती परत जागेवर नेली. शहात्तरची बाई. कुठून बळ आलं, देव जाणे.

"आई, शाळेत चल. निदान पुढच्या खोलीत झोप."

"इथंच बरी आहे मी."

"का पण?"

तिने सांगितलं नाही. मला सांगितलं. दुपारी एकटी बाहेर आली, भूछत्रांवर हात ठेवला आणि म्हणाली, "पडायचंच असेल तर माझ्यावर पड. काय घ्यायचं ते माझं घे. माझ्या पोराकडे जाऊ नको."

आयडलिनबाई, एकावन्न वर्षं तुझ्या दारात काढली, म्हणून स्पष्ट सांगतो. माझ्यात तसलं काही नाही. माझ्यात चीक आहे, पाणी आहे आणि बुडाशी भुसा आहे. तुझ्या पोराचं काळीज तिकडे कसं चाललंय, ते मला ठाऊक नाही. तो वाचला तर माझ्यामुळे नाही, गेला तरी माझ्यामुळे नाही. तू मधे आडवी पडून काहीच अडणार नाही. मला पडायला एकच बाजू ठेवलीत तुम्ही, आणि तिथं तू निजतेस.

झाडं बोलायला लागली की आम्हाला तोडू नका म्हणतात. मी म्हणतो, मला तोडायला हवं होतं. ज्यांच्या दारात माझ्यासारखा कुणी वाकून उभा आहे, त्यांनी एकदा बुडाशी बघून यावं. नाळ पुरा, हवी तिथं पुरा, पण झाडाला त्याच्या उंचीएवढी जागा द्या. नसेल तर लावू नका. आम्ही रागावणार नाही.

मर्लीनला मात्र हाक मारावीशी वाटते. पोरी, तिला उचल. शिव्या घालेल, घालू दे. उचलून शाळेत ने.

आत्ता पहिली सर येऊन गेली. माझ्या बुडाची माती समुद्राच्या बाजूने बोटभर उचलली गेलीय. मर्लीनने शेवटच्या खिडकीवर फळी ठोकली, हातोडी ठेवली आणि दारातून आईकडे बघितलं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

मग मर्लीनने स्वतःची उशी आणली.

"सरक जरा," ती म्हणाली.

आता त्या खाटेवर दोघी आहेत.