वायरीच्या टोकाचे बूच

मी एक जुने बूच आहे. बाटलीचे नव्हे, वायरीचे. अंगठ्याच्या पेराएवढा धातूचा तुकडा. पुस्तकात माझे नाव टर्मिनेटर असे आहे, पण निर्मळ गावच्या ज्या शाळेत मी सहा वर्षे काढली, तिथे सगळे मला बूचच म्हणत. मित्रांनो, आपली गोष्ट सांगावी एवढे आपण कोणी आहोत का, ही शंका मला अजून छळते. शिवाय मला डोळे नाहीत. वायरीतून जे आले आणि खोलीत जे बोलले गेले, तेवढेच मला माहीत. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

कारखान्याचे मला काही आठवत नाही. आठवते ते प्लास्टिकचे पाकीट आणि त्यात माझ्या अंगाला अंग लावून पडलेला माझा जुळा भाऊ. १९९८ च्या जूनमध्ये विनया मिसनी ते पाकीट फोडले आणि आमची ताटातूट झाली. भाऊ गेला दाराकडच्या टोकाला, मी खिडकीकडच्या. मध्ये एक लांब काळी वायर आणि तिला लागलेले सहा कॉम्प्युटर. मुलांनी त्यांची नावे ठेवली होती. मोगरा, नेवाळी, जास्वंद, अबोली, शेवंती आणि मिस स्वतः बसत तो सोनचाफा.

वायर भिंतीला ठोकली ती सॅन्टनकाकांनी. ते शाळेचे शिपाई. सकाळी वाडीत केळींना पाणी लावून मग शाळेत येत. मला वायरीच्या टोकावर पिळून बसवताना त्यांनी विचारले, "मिस, या बुचाचं काम काय?"

"काका, एक कॉम्प्युटर बोलला की ते सगळ्यांना ऐकू जातं. ज्याचं नाव घेतलं असेल त्यानं घ्यायचं, बाकीच्यांनी सोडून द्यायचं. ते टोकाला पोचलं की हे बूच गिळून टाकतं. नाहीतर ते उलटं फिरेल आणि मागून येणाऱ्या बोलण्यावर आदळेल."

"पानी उलटं फिरतं ते टोक बांधल्यावर. उघडं ठेवलं तर निघून जातं."

"इथे उलटा कारभार आहे."

"चालीस वर्सं पाटाचं पानी धरलं मी. उलटा कारभार नाय बघितला कधी."

मिस हसल्या. काकांना काही ते पटले नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यातूनच घडले.

माझे काम म्हणजे ऐकणे आणि गिळणे. आमच्यात जास्वंद हजेरीपट सांभाळायची. दर बारा मिनिटांनी प्रत्येक कॉम्प्युटर आपले नाव सांगे आणि ती मांडून घेई. मुलांनी यादी उघडली की सहा नावे दिसत. कॉम्प्युटर रीतसर बंद केला, तर तो जाताना निरोप देई आणि त्याचे नाव निघे. ती सहाही नावे शेवटी माझ्यापाशी येऊन विझत. खिडकीबाहेर केळीची पाने सळसळत. मला वाटे, जन्म असाच जाईल.

सप्टेंबरात विनया मिस तापाने आजारी पडल्या आणि पाचव्या दिवशी गेल्या. लॅबमध्ये घालायच्या त्यांच्या निळ्या सपाता दाराशी तशाच राहिल्या. त्या उचलायला कोणी धजेना.

त्यांच्या जागी वटार गावच्या सालोमी मिस आल्या. पहिलीच नोकरी, आवाज बारीक. त्या सोनचाफ्यावर बसू लागल्या. जानेवारीत मुख्याध्यापकांना ऑफिसात टायपिंगसाठी कॉम्प्युटर हवा झाला. प्रार्थना चालू असताना सॅन्टनकाका आले, चालू सोनचाफ्याची विजेची पिन उपटली आणि त्याला उचलून घेऊन गेले. माझ्या वायरीतून एक आवाज मध्येच तुटला. निरोप आला नाही.

दहा मिनिटांनी आठवीचा वर्ग आला. प्रियल डाबरे मोगऱ्यावर बसली.

"मिस, सोनचाफा चालू आहे?"

"नाही गं. तो ऑफिसात गेला."

"मग यादीत कसा?"

सालोमी मिस तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.  खोलीत पाच कॉम्प्युटर होते आणि यादीत सहा नावे.

"विनया मिस असतील," क्षितिजा म्हणाली. "तुझ्या बाजूलाच बसल्यात. सरक, जागा दे त्यांना."

कोणी हसले नाही. प्रियलने सोनचाफ्याच्या नावाने एक निरोप लिहिला. काय लिहिले ते मला कधीच कळले नाही, कारण निरोप पाठवण्याआधी कॉम्प्युटर समोरच्याला हाक मारतो, आणि उत्तर आले तरच पुढचे शब्द निघतात. मोगऱ्याने हाक मारली. सोनचाफा, आहेस का? पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली. उरलेल्या चौघांनी ती ऐकली आणि आपली नव्हे म्हणून सोडून दिली. मग ती माझ्याकडे आली. तोवर मी हजारो शब्द गिळले होते. ही हाक मात्र गिळताना जड गेली.

पुढच्या तासाला नववीचा वर्ग आला, तेव्हा यादीत पाचच नावे होती. हे तर आणखी वाईट झाले. मुले म्हणू लागली, मिस होत्या, आणि आता उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या दाराशी त्या निळ्या सपातांखेरीज एकही चप्पल नव्हती. मुले व्हरांड्यात उभी राहत, पण उंबरा ओलांडत नसत. फादर येऊन पवित्र पाणी शिंपडून गेले. कोणाच्या तरी आईने लिंबू-मिरची पाठवली, ती वायरीच्या टोकाला, माझ्या गळ्यात बांधली गेली. मुख्याध्यापक दारातूनच बोलले.

"तीस तारखेला संस्थेचे लोक येताहेत. मुलं बसत नसतील तर ही खोली शिवणवर्गाला जाईल. आणि मिस, तुमची नेमणूकही लॅबपुरतीच आहे."

"मुलं बसतील, सर," सालोमी मिस म्हणाल्या. ते कसे होणार, हे त्यांनाही माहीत नव्हते.

सत्तावीस तारखेला दुपारी खोलीत कोणी नसताना सॅन्टनकाका आले. माझ्याजवळ बसले. ते हळू आवाजात बोलत होते, पण माझ्याशी नव्हे, गेलेल्या मिसशी.

"बाय, तुला जायला वाटच नाय ठेवली यांनी. टोकाला बूच मारून ठेवलंय. मीच मारलं. आता जा."

त्यांनी लिंबू बाजूला सारले, मला उलटे फिरवून काढले आणि खिशात टाकले. खिशात जपमाळ होती. तीन दिवस मी तिच्या मण्यांत पडून होतो. ते काम त्यांनी मायेने केले होते. म्हणूनच मला ते आणखी भयाण वाटत होते. मला ओरडता आले असते, तर मी ओरडलो असतो. पण गिळण्यापलीकडे मला काही येत नाही.

माझ्यावाचून वायरीत काय चालले आहे, ते मी खिशातून ऐकत होतो.

"काका, आज यादीत एकही नाव नाही," सालोमी मिस सांगत होत्या. "आणि हा मोगरा पाहा. रोज चालू करताना 'सोनचाफा सापडत नाही' एवढं तरी म्हणायचा. आज नुसता थांबून राहिलाय. समोरून कोणी फोन उचलावा आणि बोलूच नये, तसा."

मी समजलो. प्रियलच्या चित्रांची फाइल सोनचाफ्यात होती. त्यामुळे मोगरा रोज सुरू होताना त्याला तीन हाका मारी. आता त्या हाका उघड्या टोकावर आदळून परत फिरत होत्या. हाक मारणाऱ्याच्या तोंडावर त्याचीच हाक येत होती.

तीस तारखेला सकाळी मिसनी वायर हातात धरली आणि दारापासून सुरुवात केली. जोड दाबून पाहत, एकेक कॉम्प्युटर ओलांडत त्या खिडकीशी आल्या. लिंबू लोंबत होते. टोक उघडे होते.

"काका, इथलं बूच?"

काकांचा हात खिशात आला आणि माझ्यावर मिटला.

"काका, अर्ध्या तासात ते लोक येतील. माझी नोकरी जाईल ती जाईल. पण ही लॅब विनया मिसनी उभी केली होती."

"तिच्यासाठीच काढलं," काका म्हणाले, आणि मला त्यांच्या तळव्यावर ठेवले. "ती गेली काय गं, बाय?"

मिसनी मला टोकावर पिळून बसवले. तिकडून पहिले नाव आले, शेवंती. मग अबोली. पाचही आली. मी ती एकेक करून गिळली.

"काका, सोनचाफा नेलात तेव्हा बंद कसा केलात?"

"बंद कशाला करायचा? पिन उपटली."

मिस मग व्हरांड्यात जाऊन म्हणाल्या, "प्रियल, तुझ्याकडे घड्याळ आहे ना? आत ये."

आधी एका चपलेचा आवाज आला, मग दुसऱ्या. संस्थेचे लोकही आले. मिसनी सर्वांसमोर प्रियलला नेवाळीची पिन उपटायला लावली. पडदा काळा झाला. जास्वंदीवर यादी उघडली. नेवाळी तिथे होती.

"आता फक्त बसायचं," मिस म्हणाल्या. "जी निरोप न देता गेली, तिची हजेरीवाली वाट पाहते. तीन हजेऱ्या चुकल्या की नाव काढते."

मित्रांनो, तसा तास मी पुन्हा अनुभवला नाही. सगळे एका मेलेल्या पडद्याच्या नावाकडे पाहत बसले होते. चहा आला, पण कपबशी वाजली नाही. बारा मिनिटांनी चौघांनी नाव सांगितले, पाचव्याची जागा रिकामी गेली. पुन्हा बारा. पुन्हा.

"अडतीस मिनिटं," प्रियल म्हणाली. "गेली."

"म्हणजे विनया मिस नव्हत्या," क्षितिजा पुटपुटली. तिच्या आवाजात सुटका होती, आणि थोडी निराशाही.

लॅब राहिली, सालोमी मिसही राहिल्या. दाराशी चपलांची गर्दी होऊ लागली. पण मोगरा रोज सकाळी तीन हाका मारतच राहिला. उत्तर आले नाही की तो पडद्यावर विचारतो, पुढच्या वेळी पुन्हा जोडायचे का? एकदा 'नाही' म्हटले की हाका थांबतात. प्रियल 'हो' दाबत असणार. ती दहावी होऊन गेली, तरी हाका येत राहिल्या. मुले यायच्या आधी, कुलूप उघडल्याबरोबर. 'हो' वायरीतून जात नाही, म्हणून मला कळेना, ते दाबते कोण.

ते कळले शेवटच्या दिवशी, २००४ साली. नवी जोडणी करायला माणूस येणार होता. तिच्यात प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतंत्र वायर असते, टोकाला बूच लागत नाही. सालोमी मिस लवकर आल्या. तीन हाका होऊन गेल्या होत्या.

"काका, हे बटण दाबायला कोणी सांगितलं?"

"प्रियलनं. जाताना म्हनाली, पयलं बटन दाबा. रोज." मग काका म्हणाले, "बंद करू काय?"

"आजच्या दिवस राहू दे," मिस म्हणाल्या.

त्याच दुपारी मला काढले. आता मी काकांच्या घरी बिस्किटांच्या डब्यात आहे, माझ्या भावाजवळ. आमच्या मधल्या वायरीतून सहा वर्षे सगळी शाळा बोलत होती. आता आम्ही शेजारी आहोत, आणि आमच्यापाशी बोलायला काही नाही. शाळेची घंटा इथवर ऐकू येते. ती झाली की आम्ही दोघे गिळायला तयार होतो.

मित्रांनो, यंत्र असो वा माणूस, जाताना निरोप घेत जा. पिन उपटून जाऊ नका. मागे कोणीतरी नाव न खोडता वाट पाहते, कोणीतरी रोज हाक मारत राहते, आणि ती हाक गिळायला टोकाला कोणी असेलच, असे नाही.