उपासाला चालणारं दूध

२०१९ साल. सावद्याच्या बेबाबाईंच्या सुनेला थायरॉईड निघालं ते त्या वर्षी. मयुरीचे केस गळू लागले, अंग जड झालं, बसल्या जागी डोळा लागायचा. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, शरीर आपल्याच गळ्यातल्या ग्रंथीवर उलटलंय. गोळी जन्माची, आणि रोज सकाळी उपाशीपोटी.

बेबाबाईंचा जन्म सोमवार-गुरुवारांत गेलेला. दूध उपासाला चालतं, हे त्यांना कोणी शिकवायचं? पाण्याबरोबर कोरडी गोळी पोटात आग करील म्हणून त्या उजाडताच दूध तापवत, त्यात ताकदीसाठी कॅल्शियमची पावडर ढवळत आणि गोळीबरोबर पेला पुढे करत.

"घे वं माय. औषधाले आधार लागतो."

सासूच्या मायेला नाही कसं म्हणायचं? मयुरी घ्यायची.

रिपोर्ट काही सुधारेना. "उपाशीपोटीच घेता ना?" डॉक्टर विचारत. दोघी एकदम "हो" म्हणत, अन् डोस वाढे. शेवटी मुलाचा, योगराजचा, संयम सुटला.

"गोळ्या मोरीत टाकते का गं? लोळायला निमित्त पाहिजे!"

"आईंना विचारा," मयुरी रडत म्हणाली.

बेबाबाईंनी कितीदा तरी तिला गोळी गिळताना पाहिलं होतं. पण त्या दिवशी घरचं सगळं काम त्यांच्याच अंगावर पडलेलं. वैतागून बोलून गेल्या, "गिळते का गालात धरून थुंकते, देव जाणे."

त्याच आठवड्यात योगराज बायकोला धुळ्याला माहेरी सोडून आला.

हिवाळ्यात बेबाबाई तिला पाहायला गेल्या. पोर ओळखू येईना, चेहऱ्यावर तेज आलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेतली.

"अन् दूध?" बेबाबाईंनी विचारलं.

मयुरीची आई, सुनंदाबाई, हसल्या. "ते तासाभरानं, विहीणबाई. औषधवाल्यानं बजावलंय, दूध आणि कॅल्शियम बरोबर घेतलं तर गोळी अंगी लागत नाही. कॅल्शियम दुपारी जेवण झाल्यावर."

"दूध तर उपासाले चालते!"

"देवाला चालतं हो. गोळीला नाही चालत."

बेबाबाईंना हसू आलं नाही. सुनंदाबाई आत गेल्यावर मयुरी हळूच म्हणाली, "मलाही इथंच कळलं, आई. सावद्याला यांना कळवलं नाही. तुमच्यावर आलं असतं."

सावद्याच्या स्टँडवर योगराज मोटरसायकल घेऊन उभा होता. बायकोची तब्येत सुधारल्याचं ऐकताच म्हणाला, "पाहिलं? माहेरी बरी गोळी उतरते घशाखाली!"

"तिच्या घशात खोट नव्हती रे. माह्या हातात होती," म्हणत बेबाबाईंनी तिथंच सगळं सांगितलं.

तिची पिशवी हँडलला अडकवत तो म्हणाला, "जाऊ दे आई, अजाणता झालं."

"दूध अजाणता दिलं. थुंकते म्हटलं, ते जाणून म्हटलं."

योगराज बायकोला आणायला गेला, पण मयुरी सावद्याला आली नाही. जळगावात दोन खोल्या घेतल्या तेव्हा आली. आता ती एका डाळमिलच्या ऑफिसात कामाला आहे. गोळी चालूच आहे, डोस मात्र उतरला. योगराज केळीच्या बागेसाठी जळगाव-सावदा येऊन-जाऊन करतो. सुनंदाबाई करोनात गेल्या. बेबाबाई सावद्यात एकट्याच असतात. दिवाळीला सून येते, पाया पडते, चार दिवस हौसेनं राबते. त्या बोलण्याचा विषय तिने कधी काढला नाही. एकदा तरी भांडली असती, तर बेबाबाईंना बरं वाटलं असतं.