श्वास रोखा

हाडांच्या इस्पितळात चौतीस वर्षं एक्स-रे काढून निवृत्त झालेल्या एक्सरेकाकांनी फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं, ते काही हौसेनं नव्हे. बायकोचा हुकूम होता. तिची थोरली बहीण गेली तेव्हा भिंतीवर लावायला एक धड फोटो सापडेना. शेवटी कुठल्याशा लग्नाच्या गर्दीतून कापून काढला, तर खांद्यावर परक्याच बाईचा हात. "माझे असे हाल नकोत," बायकोनं बजावलं. "माझा फोटो मी जिवंत असतानाच काढून ठेवा."

शिकवणारी पोरगी नातीच्या वयाची. तिनं सांगितलं, ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक. आकडा लहान तर भोक मोठं, आकडा मोठा तर भोक लहान. हा उफराटा कारभार काकांना लगेच पटला. इस्पितळात त्यांनी साहेबलोक पाहिले होते. शटर, आयएसओ, सगळं तोंडपाठ झालं. पण फोटो? काकांनी टिपलेला प्रत्येक माणूस नुकताच मेलेला दिसे. बायको तर बारा फोटोंत बारा वेळा वारली.

बटणावर बोट गेलं की काकांच्या तोंडून आपसूक निघायचं, "श्वास रोखा, हलू नका!"

"काका, आपल्याला हाडं नकोयत हो," पोरगी वैतागून म्हणाली.

पुढच्या रविवारी बायको खिडकीपाशी बसली. काकांनी सवयीनं तिला श्वास रोखायला लावला आणि शटरचा आकडा फिरवत बसले. 'सोडा' म्हणायचं राहूनच गेलं. बायको लाल झाली आणि मग फुटली.

"अहो, फोटोच्या आधीच पोचवता की काय मला! पेशंटांना तरी सोडत होता ना वेळेवर?"

बोलता बोलता तिचं तिलाच हसू फुटलं. काकांच्या बोटाखाली बटण दाबलं गेलं.

वर्गात पोरीनं तो फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. "डोळे बघा. फोकस एकदम नेमका!" टाळ्या पडल्या. काका मात्र बघतच राहिले. हुबेहूब ती, आत्ता ओरडेल अशी. हा फोटो कशासाठी काढलाय ते त्यांना एकदम आठवलं.

"काय म्हणाली तुमची बाई?" घरी बायकोनं विचारलं.

"नापास. फोकस हुकलाय. पुढच्या वर्षी पुन्हा काढावा लागणार."

बायकोनं चष्मा लावला. फोटोत पापणीचा केस न् केस मोजता येत होता. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"मग सावकाश शिका," ती म्हणाली. "मला कुठे घाई आहे?"