जोगव्याचं पाचवं दार

"उज्वला, पाच दारं तरी वळखीची करून ठेव. लेकरू हाय पदरात. अन् वर ती गुरम्मा म्हातारी एकटीच ऱ्हाती, तिच्याकडं बी जात-येत जा."

लातूरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये माझं बस्तान बसवून जळकोटला परत निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसले. "आत्याबाई, मोबाईल आहे की."

मोबाईल होताच. नवरा, भागवत, मुदखेडला रेल्वेत, रविवारचा येणार. बाकीचे सहा दिवस मी आणि सात महिन्यांची तनू. ती झोपली की मी तिच्या नाकापुढे बोट धरून बघायची. घरात बोलणारी मी एकटीच, म्हणून मग तुळजाभवानीच्या फोटोशी बोलायची.

नांदेडला एम.ए. करताना मूर्तिशास्त्राचा पेपर होता. फोटोत साडी आणि दागिन्यांखाली देवीचं सगळं झाकलेलं असतं, पण मला पाठ होतं. मी तनूला सांगायची, "हा त्रिशूळ, हा बाण, हे चक्र. आणि या हातात राक्षसाची शेंडी. पायाखाली रेडा." तनू आपल्याच पायाचा अंगठा चोखत ऐकायची.

मला खरी आवडायची ती मूर्तीच्या कडेची छोटीशी बाई. अनुभूती. नवरा गेलेला, पदरात तान्हं मूल. ती तपाला बसली, कुकुर दैत्य तिला छळायला लागला, तिनं हाक मारली आणि देवी धावत आली. आठ हातांकडे सगळे बघतात, हिच्याकडे कुणी बघत नाही. ही म्हणजे मीच, असं मला वाटायचं. आपण हाक मारायची, कुणीतरी यायचं.

तनू दिवसांआधी झाली, पंधरा दिवस काचेच्या पेटीत होती. तेव्हा आत्याबाईंनी नवस केला होता, की पोरगी वाचली तर तिची आई पहिल्या नवरात्रात परडी घेऊन पाच घरं जोगवा मागेल. मंगळवारी किंवा शुक्रवारी. मंगळवारी माझी हिंमतच झाली नाही. परडी घेऊन कुणाच्या दारात उभी राहू? मला कुणाचं नावही माहीत नव्हतं. आत्याबाईंचा फोन आला, "शुक्रवार चुकवू नको बरं. नवस लेकराचा हाय."

म्हणजे तनूचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्यामुळे. त्या भीतीनं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्यातच गुरुवारी सकाळपासून वरून टक्, टक् सुरू झालं. थांबायचं, परत सुरू. तनू दोनदा दचकून उठली. म्हातारी खलबत्त्यात काहीतरी कुटत असणार, असं मी धरून चालले. तिसऱ्यांदा तनू रडली तेव्हा मी झाडूचा दांडा घेऊन छतावर तीनदा जोरात आपटला. वरचा आवाज बंद झाला. मला बरं वाटलं.

शुक्रवारी दुपारी तनूला कडेवर घेतलं, परडी हातात धरली आणि समोरचं दार वाजवलं. "आई राजा उदो उदो," हे मी इतकं हळू म्हटलं की त्या बाईंनी विचारलं, "काय पार्सल आहे का?" मग कळल्यावर म्हणाल्या, "अगंबाई! आमच्याकडं पाकिटातलं पीठ आहे, चालतंय का देवीला?" दुसऱ्या दारी शिकवणीच्या मुली राहत होत्या. पीठ नव्हतं, त्यांनी चिमूटभर मीठ आणि बिस्किटाचा पुडा वाढला. "ताई, नीटच्या परीक्षेसाठी आमच्या वतीनं पण मागा ना काहीतरी!" तिसरीनं मूठभर ज्वारी दिली. चौथीनं तनूचा गाल ओढला आणि विचारलं, "तुम्ही याच बिल्डिंगमधल्या? कधी दिसला नाहीत."

पाचवं दार गुरम्माचं.

कडीला दुधाची पिशवी अडकवलेली होती. आत दोन पाकिटं. एक फुगून टम्म झालेलं. कालचं. हाक मारली. आतून फार बारीक आवाज आला, "बा... बा अव्वा." ती उदगीरकडची, बोलण्यात कन्नड यायचं. ये बाई, ये, असं म्हणत होती.

पहाटे दुधाची पिशवी बाहेर अडकवली की आतली कडी काढूनच ठेवायची तिची सवय. दार ढकललं तर उघडलं.

स्वयंपाकघरात फरशीवर ती कुशीवर पडलेली. हातात स्टीलचा पेला, त्याची कड चेपलेली. मी तनूला खाली ठेवलं, चमच्यानं गुरम्माच्या ओठांवर पाणी सोडलं, रुग्णवाहिकेला फोन लावला. दोनदा नंबर चुकला.

"काल सकाळी पडले गं. पेला आपटत राहिले, आपटत राहिले. मग खालून वाजलं. तीनदा." ती सुकलेल्या ओठांनी हसली. "म्हणलं, ऐकलं कुणीतरी. यायलेत. म्हणून थांबले आपटायची."

ते तीन ठोके कशासाठी होते, ते मी आजवर तिला सांगितलेलं नाही.

जाताना स्ट्रेचरवरून ती म्हणाली, "माझा जोगवा ऱ्हायला की गं. फळीवर पीठ हाय, घे." मी मूठभर घेतलं. नवस पुरा झाला. आत्याबाई फोनवर रडल्या, मीही रडले, पण वेगळ्या कारणानं.

खुब्याचं हाड जोडलं. तिचा हैदराबादचा मुलगा घेऊन गेला, पण तिथं करमेना म्हणून दिवाळीनंतर ती लातूरला परत आली, एकटीच. आम्ही आता मुदखेडला राहतो. मी रोज सकाळी नऊला तिला फोन करते. काल तिनं उचलला नाही. आजही नाही. मुलगा म्हणतो, चार्जिंगला लावायचं विसरली असेल. भागवत म्हणतो, "तू लई काळजी करायलीस." असेलही तसं. त्या चार दारांपैकी एकाचाही नंबर मी घेऊन ठेवला नाही. मी संध्याकाळच्या गाडीनं निघतेय, पण पोचायला रात्र होईल.

हे वाचणारं कुणी औसा रोडच्या बाजूला असेल, तर पाण्याच्या टाकीमागची पिवळी इमारत, तिसरा मजला, जिन्याला लागून डावीकडचं घर. तिला बेल ऐकू येत नाही. मोठ्यानं हाक मारा, "गुरम्मा" म्हणून. आत्ता जाल का?