सदानंद शिगवणची उभी पावडर

पहिली पाळी सुटायच्या वेळी सदानंद शिगवणनं हवेच्या पाइपनं अंगावरची पावडर उडवली, आणि ती खाली बसलीच नाही. त्याच्यापासून दीड हातावर गोळा झाली आणि त्याच्याच आकाराची होऊन उभी राहिली. पुढे आलेले खांदे, डावीकडे कललेली मान, वर दुमडलेल्या बाह्या, सगळं जागच्या जागी. सदानंदनं पाइप बंद केला आणि खुंटीला लावला. ती उभीच होती.

लोट्याच्या एमआयडीसीतल्या त्या कंपनीत न पेटणारे पडदे बनत. थिएटरांचे, दवाखान्यांचे, शाळांच्या हॉलचे. कापडावर जो लेप चढे, त्यात ही पावडर पडे, आणि पंचवीस-पंचवीस किलोची पोती फोडून ती मिक्सरमध्ये ओतायचं काम अकरा वर्षं सदानंदकडे होतं. मैद्याहून बारीक माल. नियम भिंतीवर लिहिलेला होता: बाहेर पडताना व्हॅक्यूमनं अंग साफ करा, कपडे इथंच ठेवा, आंघोळ करा. पण व्हॅक्यूम एक, माणसं चौदा आणि बस तीन वाजून दहा मिनिटांनी सुटणारी. म्हणून सगळे मशीन साफ करायचा पाइपच अंगावर मारत. दोन फवारे पुढून, दोन मागून आणि एक केसांत, थोडी ऐट म्हणून. कपडे कंपनीच्या धुलाईला टाकले की बटणं तुटून येत, म्हणून तेही घरी जात. अकरा वर्षं काही झालं नाही, म्हणजे आता होणारच नाही, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं.

अन्वर परकार त्याच्याच पाळीचा. तो डबा घेऊन आला, थांबला आणि पावडरीभोवती एक चक्कर मारून परतला.

"सदा, हा तूच की रे."

"दिसतोय तर खरा."

"मागनं पोक आलंय तुला. बायको बोलली नाय कधी?"

मग सदानंदही मागे जाऊन बघून आला. स्वतःचं तोंड माणूस रोज आरशात बघतो, पण पाठ कोण बघतो? ती पाठ फार दमलेली होती. त्याला त्या माणसाची दया आली. आपण इतकी वर्षं याच्याशी जरा बरं वागायला हवं होतं, असं वाटून गेलं.

पुढून पाहिलं तर मास्क हनुवटीवर उतरलेला होता. सदानंदचा मास्कही अकरा वर्षं तिथंच होता. नाकावर घातला की चष्म्यावर वाफ धरते, ही त्याची तक्रार. पांढऱ्या सदानंदचं तोंड उघडं होतं. खऱ्यानं श्वास रोखला आणि त्या तोंडातून आत डोकावून पाहिलं.

आत पोकळ होतं, पण अगदीच रिकामं नव्हतं. गळ्यातून एक बारीक देठ खाली उतरत होता. पुढे त्याला दोन फाटे फुटले होते, त्या फाट्यांना आणखी फाटे. उपटलेल्या भाताच्या रोपाला मुळं असतात, तसा तो पांढरा गुंता दोन्ही बरगड्यांखाली लोंबत होता. सदानंदला श्वास रोखवेना. त्यानं तो घेतला, आणि मुळं हलली.

"मी घेतला की तो घेतोय."

"परत घे बघू."

त्यानं परत घेतला. परत हलली. दोघांनी हे चारपाच वेळा केलं, कारण मजा वाटत होती.

तेवढ्यात सेफ्टीच्या आठल्ये मॅडम फाइल घेऊन आल्या. चार वर्षं त्या दर सोमवारी मास्कवर बोलत आणि माणसं मान डोलावत. नवल वाटायची त्यांची ताकद त्यातच संपली होती.

"पंखा बंद करा. दारं लावा. शिगवण, मास्क नाकावर. हनुवटीला काही होत नसतं."

"मॅडम, ही सांडलेली नाहीये. उभी आहे."

"पोत्याबाहेर आहे ना? मग सांडलेलीच. झाडू नाही, पाइप नाही. ओलं फडकं आणि सुपली घ्या. हळू. आणि ज्याची त्यानं भरायची."

सदानंदनं मास्क घट्ट बसवला, हातमोजे चढवले आणि पायांपासून सुरुवात केली. पाय निघाले तरी बाकीचा पडला नाही, तिथंच अधांतरी राहिला. गुडघे पिशवीत गेले, कंबर गेली, हात गेले. ओल्या फडक्यावर पावडर गुमान बसत होती. मग मुळं आली. त्यानं ती अलगद सुपलीत घेतली, पिशवीत सोडली, आणि पुढच्या श्वासाला ती पुन्हा आपल्या जागी लोंबायला लागली. तीनदा काढली, तीनदा आली.

"ती इथून निघणार नाहीत," मॅडम म्हणाल्या. "ती तुमच्यात आहेत. इथं फक्त दिसतायत."

त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. सदानंद आता घाबरला. मजा कधी संपली ते त्याला कळलंच नव्हतं.

तेव्हाच फोन वाजला. घरून त्याची बायको सुगंधा बोलत होती.

"अहो, धुण्याच्या दगडापाशी एक बाई उभी आहे. पांढरीफटक. माझ्यासारखी आहे."

"काय करतेय?"

"कपडे झटकायचे हात केलेत. हातात कपडा नाही. आणि गॅस पेटत नाहीये, दहा काड्या ओढल्या. तिच्याकडे तोंड केलं की विझते काडी."

पावडरीचं कामच ते. सदानंदला सगळं समजलं. सुगंधा स्वच्छतेची मोठी भोक्ती. त्याचा शर्ट भिजत घालायच्या आधी ती रोज दगडापाशी उभी राहून दोनदा फटाफट झटकायची, नाहीतर म्हणे पाणी खराब होतं.

"एक फुंकर मारली की जाईल ही," सुगंधा म्हणाली.

"फुंकू नकोस!" तो इतक्या जोरात ओरडला की पुढ्यातली मुळं थरथरली. "झाडू पण नको. नाकाला पदर बांध आणि लांब राहा. मी येतो."

मॅडमनी पिशव्या, ओली फडकी आणि दोन नवे मास्क दिले. "आधी आंघोळ. कपडे इथंच ठेवा," एवढंच म्हणाल्या. जीव टांगणीला लागला होता तरी तो आंघोळ करूनच निघाला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. अन्वरनं त्याला मोटारसायकलवर घातलं आणि वाडीच्या तोंडाशी सोडलं.

सदानंद परसातून आला. सुगंधा नाकाला पदर बांधून पेरूच्या झाडाखाली उभी होती. त्यानं तिला मास्क दिला, मग दगडापाशी जाऊन दुसऱ्या सुगंधाच्या तोंडात पाहिलं. आत मुळं होती. बारीक होती, मोजता येतील इतकीच होती, पण होती. त्याला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्यामुळं झालं हे," तो म्हणाला.

"ती बोलणी मी मागनं देते तुम्हाला," सुगंधा म्हणाली. "आधी पुढच्या दारातलं बघा."

तो घरातून पुढच्या दाराशी गेला. उंबरठ्यावर, त्याच्या कमरेएवढं, कुणीतरी बाहेर तोंड करून उभं होतं. टाचा उचललेल्या. दोन्ही हात पुढे करून कुणाच्या तरी कमरेला विळखा घातलेला, आणि विळख्यात कुणीच नव्हतं. गाल दाबून चपटा झाला होता. मनवा, त्याची मुलगी, दुसरीतली. बसमधून उतरून तो आला की चपला काढायच्या आधीच ती असं बिलगायची आणि शर्टात नाक खुपसून म्हणायची, बाबाला कंपनीचा वास येतो.

सदानंद आतल्या बाजूला गुडघ्यांवर बसला. गाल टेकायला तिनं मान एका बाजूला वळवली होती, त्यामुळं आतूनही त्याला तिचं तोंड दिसत होतं. ती हसत होती, म्हणून ते उघडं होतं. आत बघायचं नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. त्यानं मास्क चाचपला, श्वास रोखला आणि वाकला.

त्याच वेळी शाळा सुटून खरी मनवा वळणावर आली. बाबा आज तिच्या आधी घरी, तेही दारात, तिच्याएवढे होऊन बसलेले. तिनं हाक मारली.

सदानंदला ओरडता येईना. त्याचं तोंड आणि पावडर यांच्यात चार बोटांचं अंतर होतं, ओरडला असता तर ती उडाली असती. त्यानं थांब म्हणून हात वर केला.

मनवाला वाटलं, बाबा बोलावतायत. तिनं दप्तर रस्त्यातच टाकलं, दोन्ही हात पसरले आणि दाराकडे धावत सुटली.