लांडग्यानं अंग झाडलं

आमच्या तांड्याचा नियम हाय. नवसाच्या बोकडावर पाणी शिंपडायचं, त्यानं अंग झाडलं की देवीनं त्याला कबूल केलं, मगच सुरी.

गोरेगावच्या बाजारातून आणलेला माझा बोकड सकाळपासून चिंब भिजून उभा, पण मेला अंग झाडंना. देवला भगत घागरीवर घागर ओतून राहिला. "माय, काहून रुसलीस?"

मी म्हणलं, "देवी न्हाई रुसली, बोकड शहाणा हाय."

तेवढ्यात नाल्यातून लांडगा वर आला आन बोकडापाशी येऊन उभा राहिला. म्हातारे म्हणले, "दगड मारू नका, देवीचं वाहन हाय. नवस न्यायला आलं."

भेदरून देवलाच्या हातातली घागर निसटली आन पाणी लांडग्यावर सांडलं. लांडग्यानं नाकापासून शेपटीपर्यंत झकास अंग झाडलं. देवला नखशिखांत भिजला.

सगळ्यांनी हात जोडले. देवीनं लांडगा कबूल केला होता.

मी सुरी देवलाच्या हातात दिली. "घे रं, नियम तुझाच हाय."

लांडग्यानं देवलाकडं बघितलं. देवलाचं ओलं अंग गदागदा हाललं.

म्हातारे हळूच त्याच्याकडं वळले आन पुन्हा हात जोडले.