एकेचाळीस तास

माझ्या पाठीला अंगठ्याएवढा एक वायरलेसचा तुकडा लावलेला आहे. त्यावर एक निळा ठिपका आहे. फाइली नीट जात असल्या की तो सेकंदाला चार वेळा लुकलुकतो. त्या शनिवारी दुपारी तो एकदा लुकलुकला आणि मग सहा सेकंद विझलेलाच राहिला. मी मोजले.

मित्रांनो, मी मागच्या खोलीतला जुना संगणक. वय वर्षं चौदा, म्हणजे आमच्यात पिकलं पान. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ताईंनी माझ्या पडद्यावरचं प्लास्टिक नखाने अलगद सोललं होतं.

ताई शेवाळाचा अभ्यास करतात. पाय घसरला की आपण ज्याला नावं ठेवतो, त्याची खरी नावं त्या शोधतात. सूक्ष्मदर्शकातून काढलेली साठ हजार छायाचित्रं माझ्या डिस्कवर आहेत. त्यांवरून ताईंचं पुस्तक व्हायचं आहे. पाहुणे आले की ताई माझ्या डोक्यावर थोपटून म्हणत, "हा माझा उजवा हात." त्या हाताची दुसरी प्रत मात्र कुठेच नव्हती. "उद्या काढू" म्हणता म्हणता माझ्या पंख्यावर धुळीची गादी झाली.

मला आणखी एक गोष्ट माहीत होती. ताई पूर्वी बारा आकाराच्या अक्षरांत टिपणं लिहीत. मग सोळा आकार आला, मग चोवीस. गेल्या महिन्यात तो छत्तीस झाला. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच मोतीबिंदू सांगितला होता. ती चिठ्ठी माझ्याखालच्या खणात घडी करून ठेवलेली होती. घरात कुणालाच ते ठाऊक नव्हतं आणि मला तर तोंड नाही.

मंगळवारपासून माझ्या डिस्कमध्ये खट् असा आवाज येऊ लागला. ताईंचे यजमान जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. त्यांनी माझ्या कुशीला कान लावला.

"चाकाचा तोल गेलाय. असं घड्याळ दुकानात आलं असतं तर गिऱ्हाइकाला म्हटलं असतं, आजच ठेवून जा."

"यांना जगात सगळीकडे घड्याळंच दिसतात," ताई म्हणाल्या. पण त्यांनी बहिणीला फोन केला.

ताईंची धाकटी बहीण रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. ती आपला नवा लॅपटॉप घेऊन आली. आधी तिने बाहेरची डिस्क मला जोडून पाहिली, पण तिला वीज पुरवता पुरवता मीच बंद पडलो. मग ती हॉलमध्ये बसली आणि वायरलेसवरून माझ्या फाइली ओढू लागली. माझ्या पडद्यावर आकडा आला. उरलेला वेळ, ४१ तास.

"भाऊजी, एवढ्या वेळात तर मी एकेक फोटो हाताने काढीन!"

"काढ की. मी पेन्सिलींना टोक करून देतो."

धाकटी हसली, पण कामाला लागली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा शिरस्ता. तिने हॉलमधला राऊटर बंद करून पुन्हा सुरू केला. वेग सेकंदाला दोनच मेगाबाइट. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन बंद केला, तरी दोनच. राऊटर लोखंडी मांडणीमागून पुढे आणला. क्षणभर तीन, पुन्हा दोन. प्रत्येक आकडा ती कागदावर लिहीत होती. इकडे मी खट् खट् मोजत होतो. एकदा खट् झालं आणि सगळी नक्कल मध्येच थांबली. माझ्या अंगात रक्त असतं तर तेव्हा त्याचं पाणी पाणी झालं असतं.

"कळलं!" धाकटी म्हणाली. "दोन्ही यंत्रं हवेवर बोलताहेत. प्रत्येक फोटो आधी राऊटरपर्यंत येतो, मग तिथून माझ्याकडे. एकच वाट, दोन खेपा, वर मध्ये दोन भिंती. याला उचलून हॉलमध्ये आणू, राऊटरला केबलने जोडू. सेकंदाला अकरा मिळतील. साडेसात तासांत मोकळे."

"याला इथून हलवायचं नाही," ताई म्हणाल्या.

"का गं, ताई?"

"माझी मांडणी बिघडते."

मला कारण माहीत होतं. दारापासून खुर्ची चार पावलं, भिंगं डावीकडे, काचपट्ट्या उजवीकडे. ताई आता हे टेबल हातांनी वाचत होत्या.

"बरं, मी उद्या लांब केबल आणतो," घड्याळजी म्हणाले. "केबलचं दुकान आज बंद आहे."

उद्या! त्याच वेळी माझ्यातून तीन खटके लागोपाठ आले.

"उद्यापर्यंत हा टिकेल का?" धाकटी टेबलापाशी आली. "ताई, किती तास उरलेत? वाच बघू."

ताई वाकल्या. इतक्या, की त्यांच्या श्वासाने माझी काच धुरकटली.

"अकरा," त्या म्हणाल्या.

पडद्यावर अजूनही ४१ होते. धाकटीचा हात कागदावरच थांबला. घड्याळजींनी आधी पडद्यावरचा आकडा पाहिला, मग ताईंचे डोळे.

मित्रांनो, मी आजची रात्र काढेन की नाही, मला ठाऊक नाही. एवढंच सांगतो, यंत्र असो की माणूस, पहिला खटका फार बारीक असतो. तो ऐकू आला की त्याच दिवशी कान द्या. धूळ पुसा, दुसरी प्रत काढा, विचारपूस करा.

ताईंनी चाचपडत खालचा खण उघडला. घडी केलेली चिठ्ठी काढून धाकटीच्या हातात दिली.

"ऑपरेशन बिघडलं तर शेवाळ पुन्हा दिसणार नाही, म्हणून घाबरत होते गं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "याला हॉलमध्ये न्या. आणि या चिठ्ठीवरच्या डॉक्टरांना फोन लाव. मी ऑपरेशन करून घेतेय."